डॉ. मारिया माँटेसरी

बालवाडीला आपण सर्रास 'माँटेसरी' म्हणतो. हे एका कॅथलिक डॉक्टरबाईंचे आडनाव आहे, आणि त्यांचे पहिले विद्यार्थी मतिमंद म्हणून टाकून दिलेली मुले होती, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

मारियाबाईंचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील किआरावाल्ले गावी झाला. १८९६ साली त्या रोममध्ये डॉक्टर झाल्या. तेथे अशी मुले वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेली असत. त्यांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज आहे, असे बाईंचे मत झाले. पण शिकवणार कोण? शिक्षकांना त्यासाठी कुणी तयारच केले नव्हते.

१९०० साली रोममध्ये अशा शिक्षकांसाठी विद्यालय निघाले. डॉ. मोंतेसानो आणि मारियाबाई त्याचे संचालक होते. जोडीला मुलांचा वर्गही होता, म्हणजे भावी शिक्षकासमोर पुस्तकाबरोबर मूलही असे. बाई सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत मुलांत रमत.

अकरा वर्षांच्या एका मुलीला रफू करणे काही केल्या जमेना. बाईंनी सुई बाजूला ठेवली आणि तिला कागदाच्या पट्ट्या वर-खाली ओवून चटई विणायला दिली. नंतर सुई दिली, तर रफू जमले! आधी हात तयार करायचा, मग काम सांगायचे, हे बाईंना उमगले. त्यांनी लाकडी अक्षरे करून घेतली. स्वर लाल, व्यंजने निळी. मुले त्यांवरून बोट फिरवीत. त्यांतली काही लिहू-वाचू लागली आणि इतर मुलांबरोबर परीक्षाही पास झाली. लोक थक्क झाले. बाईंना मात्र प्रश्न पडला, मग धडधाकट मुले एवढ्यावरच का अडतात?

डिस्लेक्सिया असलेल्या, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन अवघड जाणाऱ्या मुलांना आजही पुष्कळ शिक्षक असेच बोटाने अक्षर गिरवायला लावतात.

पुढचे लिहावे की नाही, असे वाटले. पण गाळले तर बाई अर्ध्याच कळतील. १८९८ साली त्यांना डॉ. मोंतेसानोंपासून मुलगा झाला. लग्न झाले नाही. मारियो दुसऱ्यांच्या घरी वाढला. परक्या मुलांसाठी शिक्षक घडवणारी आई स्वतःच्या मुलाला अधूनमधून भेटून येई. १९०१ साली त्यांनी ते विद्यालय सोडले.

६ जानेवारी १९०७, तीन राजांचा सण. त्या दिवशी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे बालगृह सुरू झाले. तेथे लाकडी अक्षरे करून मिळेनात, म्हणून पॉलिश पेपरची कापली.

१९३९ साली त्या शिक्षकांना शिकवायला मद्रासला आल्या, तेव्हा मारियो सोबत होता. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये त्या देवाघरी गेल्या. पुढचे काम त्यानेच सांभाळले.