सायकलच्या दुकानातून निघालेला नांगर

तुमच्या गल्लीत असा एक जण नक्की असेल. भंगारातून जुनी राजदूत किंवा येझदी उचलून आणतो, अंगणात पत्र्याखाली तिचं इंजिन उघडतो, टाकी स्वतः ठोकून सरळ करतो, न मिळणारा पार्ट लेथवाल्याकडे बसून बनवून घेतो. सहा महिन्यांनी गाडी किक मारल्यावर फटफटते तेव्हा अख्खी गल्ली बघायला येते. तोपर्यंत घरचे मात्र एकच बोलत असतात, की हे सोड आणि अभ्यासाला लाग. लातूर काय अन् नांदेड काय, क्लासेसच्या बोर्डांनी भरलेल्या आपल्या शहरांत हातात पाना धरणारं पोरगं म्हणजे वाया गेलेलं पोरगं.

तो मुलगा तुम्हीच असाल, तर आजची गोष्ट तुमच्यासाठी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांची.

नाव ऐकलेलं असणारच. आपल्या शेतात विहिरीवरच्या इंजिनावर, पंपावर ते वाचतच आपण मोठे झालो. पण त्या नावाची सुरुवात एका सायकलच्या दुकानात झाली, हे किती जणांना माहीत आहे?

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे पंडित. पोराचं मन मात्र पुस्तकात रमेना. त्याला दोनच गोष्टींचा नाद, चित्रं काढायची आणि यंत्रं खोलून बघायची. 1885 मध्ये तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेला. दोनेक वर्षांनी कळलं, की त्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथेच संपलं.

विचार करा, आपल्यातल्या कुणाचं असं झालं असतं तर? बॅग भरून गावी परत. लक्ष्मणरावांनी काय केलं, तर रंग सोडले आणि रेघ धरली. यंत्रांची रेखाचित्रं काढायला रंग लागत नाहीत. ते शिकून ते मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले. उरलेल्या वेळात यंत्रं दुरुस्त करायची, उघडायची, समजून घ्यायची. हात तिथेच तयार झाला.

त्याच काळात त्यांना सायकल दिसली. तेव्हा ती आजच्या सुपरबाइकसारखीच नवलाची वस्तू, किंमत 700 ते 1000 रुपये! 1888 मध्ये थोरले भाऊ रामूअण्णा यांच्यासोबत त्यांनी बेळगावला दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा त्या विकायचे आणि चालवायलाही शिकवायचे. शिकवण्याची फी 15 रुपये. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव या दुकानाचं.

पुढे नोकरीत हक्काची बढती डावलली गेली, दुसऱ्याला दिली गेली. लक्ष्मणराव राजीनामा देऊन बेळगावला आले. लहानसं वर्कशॉप टाकलं. पहिलं यंत्र कोणतं बनवलं माहितीय? कडबा कापायचं. आज मराठवाड्यात गोठ्यागोठ्यात जी कडबा कुट्टी घरघरते, तिच्याच घराण्यातलं.

मग आला लोखंडी नांगर. आणि इथे खरी परीक्षा होती. शेतकरी म्हणायचे, लोखंडानं जमिनीत विष उतरेल. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर चालत आलेला, त्यांचं तरी काय चुकलं? पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं, मित्रांनो! आपण रील टाकून दोन तासांत लाइक मोजतो.

नांगर खपू लागला, तर बेळगावातली जागा सोडायची पाळी आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी 10,000 रुपये बिनव्याजी कर्ज दिलं आणि कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर जागा दिली. जागा कसली, निवडुंग आणि सापांनी भरलेला माळ. 1910 मध्ये मोजके सोबती आणि त्यांची कुटुंबं घेऊन लक्ष्मणराव तिथे राहायला गेले. माळ साफ केला, घरं बांधली, कारखाना उभा केला. सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी ती हीच. त्या वस्तीत त्यांनी शिवाशिव चालू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही काम दिलं, एवढंच नाही तर रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. मोडलेलं यंत्र दुरुस्त होतं तर माणूस का नाही, असा त्यांचा विचार असावा, असं मला वाटतं.

पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा मिळेना. बाहेरून येणारा रंग बंद झाला, तर तोही वाडीतच तयार करायचे प्रयोग झाले. रंग ओळखू न येणाऱ्या माणसाच्या कारखान्यात! पुढे उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप अशी यादी वाढत गेली. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. 1969 मध्ये, जन्मशताब्दीला, पोस्टानं त्यांचं तिकीट काढलं.

आता परत तुमच्या अंगणात येऊ. जुनी गाडी उभी करणारा प्रत्येक जण किर्लोस्कर होणार नाही, हे मलाही कळतं. पण इंजिन का बंद पडतं हे स्वतःच्या हातानं शोधलेलं पोरगं काहीतरी शिकलेलं असतं. त्या पार्टचं माप कागदावर काढायला शिका, लेथ शिका, वेल्डिंग शिका. आणि मग आजूबाजूला बघा, आपल्या शेतकऱ्याला कोणतं यंत्र अजून मिळालेलं नाही. लक्ष्मणरावांनी तेच बघितलं होतं.

आणि घरचे रागावले तर? हा कागद त्यांच्याही हातात द्या. फक्त हात धुऊन. ग्रीसचे डाग निघत नाहीत.