‘भारताचा खासदार’ : चार्ल्स ब्रॅडलॉ

विधानसभेत आमदार तारांकित प्रश्न विचारतो आणि मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे की, हा हक्क कुणी झगडून मिळवला याचा आम्हा साऱ्यांनाच विसर पडला आहे. भारतातील कौन्सिलांच्या सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा १८९२ च्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टने मिळाली. त्या कायद्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये रेटा लावणाऱ्यांत एक नास्तिक होता. त्याचे नाव चार्ल्स ब्रॅडलॉ.

ब्रॅडलॉ यांचा जन्म २६ सप्टेंबर १८३३ रोजी लंडनच्या हॉक्सटन भागात झाला. वडील एका सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून. घरात गरिबी. अकराव्या वर्षी शाळा सुटली आणि मुलगा निरोप्या म्हणून कामाला लागला. चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवताना त्याला बायबलची शुभवर्तमाने आणि चर्चची अधिकृत मते यांत विसंगती दिसली. त्याने धर्मगुरूकडे खुलासा मागितला. खुलासा मिळाला नाही, नास्तिकतेचा शिक्का मात्र बसला. पुढे सोळाव्या वर्षी त्याला घर सोडावे लागले. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तराऐवजी शिक्षा देण्याची रीत सर्व देशांतील धर्ममार्तंडांची सारखीच आहे, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

काही वर्षे सैन्यात काढल्यावर ब्रॅडलॉ वकिलाच्या कचेरीत कारकून झाले आणि तिथेच कायदा शिकले. पदवी नव्हती, पण कोर्टात स्वतःची बाजू स्वतः मांडण्यात त्यांचा हात धरणारे थोडेच होते. १८६६ मध्ये त्यांनी नॅशनल सेक्युलर सोसायटी स्थापन केली. १८७७ मध्ये संततिनियमनावरील पुस्तिका छापल्याबद्दल अ‍ॅनी बेझंट यांच्यासह त्यांच्यावर खटला झाला.

१८८० मध्ये नॉर्थम्प्टनच्या मतदारांनी त्यांना पार्लमेंटवर निवडून दिले. ईश्वराच्या नावाने शपथ घेण्याऐवजी प्रतिज्ञा करू द्या, अशी त्यांची मागणी होती. ती नाकारली गेली. मग ते शपथ घ्यायला तयार झाले, तर नास्तिकाची शपथ खरी कशी मानायची, म्हणून तीही घेऊ दिली नाही. जून १८८० मध्ये त्यांना पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र कोंडले. ऑगस्ट १८८१ मध्ये पोलिसांनी त्यांना ओढत बाहेर काढले. मतदार मात्र हटले नाहीत. १८८० ते १८८५ या काळात नॉर्थम्प्टनने त्यांना पाच वेळा निवडून दिले. ब्रॅडलॉ कोर्टात गेले. ‘ब्रॅडलॉ विरुद्ध गॉसेट’ या १८८४ च्या खटल्यात न्यायालयाने सभागृहाच्या अंतर्गत कारभारात हात घालण्यास नकार दिला. अखेर जानेवारी १८८६ मध्ये नव्या सभापतींनी कुणाचीही हरकत न ऐकता त्यांना शपथ दिली. दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, ब्रॅडलॉ यांनी प्रतिज्ञेचा हक्क देणारा कायदाच मंजूर करून घेतला.

सभागृहात बसायला मिळाल्यावर त्यांनी काय केले? ज्यांना त्या सभागृहात मत नव्हते, त्यांच्या वतीने ते उभे राहिले. हिंदुस्थानातील एकही माणूस त्यांना मत देऊ शकत नव्हता, तरी लोक त्यांना ‘भारताचा खासदार’ म्हणू लागले. १८८९ मध्ये काश्मीरचे महाराजा प्रतापसिंग यांच्या हातून सत्ता काढून घेण्यात आली. त्यांच्यावर आरोप होते, पण उघड चौकशी झाली नव्हती. रशियाच्या भीतीने गिलगिटच्या सरहद्दीवर ब्रिटिशांची नजर होती. जुलै १८९० मध्ये ब्रॅडलॉ यांनी तहकुबीचा प्रस्ताव मांडून सरकारला जाब विचारला. बाजू न ऐकता कुणालाही शिक्षा करता येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. प्रस्ताव फेटाळला गेला, पण सरकारला उत्तर द्यावे लागले.

डिसेंबर १८८९ मध्ये, मोठ्या आजारातून उठून, ते काँग्रेसच्या अधिवेशनासाठी मुंबईस आले. त्या मंडपात कोण होते, हेही आम्ही विसरत नाही. त्याच काळात जोतीराव फुले हे या राष्ट्रसभेत शूद्रातिशूद्रांना स्थान कुठे आहे, असा सवाल करीत होते. ब्रॅडलॉ यांच्या कानावर मंडपाबाहेरचा हा आवाज कितपत गेला असेल? कामगारांचा दिवस आठ तासांचा करणाऱ्या कायद्यालाही त्यांचा विरोध होता. तो आम्हाला मान्य नाही. पण १८९० मध्ये त्यांनी कौन्सिलांच्या सुधारणेचे विधेयक पार्लमेंटमध्ये आणले. ते मंजूर झाले नाही. सरकारचा स्वतःचा कायदा १८९२ मध्ये आला, आणि त्यात प्रश्नाचा हक्क आला. तो अपुरा होता, पूरक प्रश्नही विचारता येत नव्हता. तरी दार किलकिले झाले.

ते पाहायला ब्रॅडलॉ उरले नव्हते. ३० जानेवारी १८९१ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच्या तीनच दिवस आधी सभागृहाने त्यांच्याविरुद्धचा १८८० चा ठराव आपल्या नोंदीतून रद्द केला होता. मृत्युशय्येवर असलेल्या ब्रॅडलॉ यांना ही बातमी कळण्याची शुद्ध राहिली नव्हती.

आज आमच्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत ईश्वराची शपथ आणि गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा, दोन्ही पर्याय शेजारी शेजारी आहेत. आमचा प्रतिनिधी ताठ मानेने प्रतिज्ञा करतो. त्याला कुणी मनोऱ्यात कोंडत नाही. पण प्रश्नाच्या हक्काचे काय? सप्टेंबर २०२० मध्ये साथीचे कारण देऊन संसदेतील प्रश्नोत्तराचा तास वगळला गेला. डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात १४६ खासदार निलंबित झाले. महाराष्ट्र विधानसभेने जुलै २०२१ मध्ये बारा आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केले, तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव रद्द ठरवला. ते आमदार कोणत्या पक्षाचे होते, हा प्रश्नच गौण आहे. सदस्य बाहेर असतो तेव्हा त्याचा मतदारसंघच मुका होतो. नॉर्थम्प्टनच्या मतदारांना हे कळले होते.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे एवढेच : मत दिले की आपले काम संपत नाही. आपल्या आमदाराने, खासदाराने गेल्या अधिवेशनात किती प्रश्न विचारले, कोणते विचारले आणि मंत्र्याने काय उत्तर दिले, याचा हिशेब मागा. विचारले नसतील, तर आपण प्रश्न लिहून त्यांच्या हाती द्या.