क्रिकेटवीर बाळू पालवणकर

गेल्या थंडीत नाशिकच्या पश्चिमेकडील एका खेड्यातील मंडळीच्या भेटीस आम्ही गेलो होतो. सायंकाळच्या उपासनेस अवकाश होता, म्हणून तेथील उपदेशकबंधूंबरोबर आम्ही गावाबाहेरच्या माळावर मुलांचा खेळ पाहावयास गेलो. क्रिकेटचा सराव चालला होता. तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा सारखा चेंडू टाकीत होता, आणि शिकविणारे गृहस्थ आपल्या दोन-तीन आवडत्या मुलांस आळीपाळीने बॅट देत होते. दीड तास लोटला, तरी त्या मुलाच्या हाती बॅट आली नाही. अखेर त्याच्या एका चेंडूवर दुसऱ्याने उंच टोला हाणला, तेव्हा त्या गृहस्थांनी सर्वांदेखत त्याच्या आईबापांचा उद्धार केला. मुलगा काही बोलला नाही. चेंडू खाली ठेवून तो बांधावर जाऊन बसला. उपदेशकबंधू हळूच म्हणाले की, हा आपल्याच मंडळीतला. अलीकडे नीट जेवत नाही, रात्री जागा असतो, पण खेळ मात्र सोडवत नाही. ह्याला काय सांगावे?

त्या वेळी आम्हांस काही सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. परतीच्या वाटेवर मात्र बाळू पालवणकरांची आठवण झाली. नाशिककरांस १९३० सालचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह व १९३५ सालची येवल्याची परिषद ठाऊक आहे, आणि डॉ. आंबेडकरांचे नाव तर आमच्या खेड्यापाड्यांत घरोघरी आहे. परंतु ज्या खेळाडूकडे तरुणपणी आंबेडकर अभिमानाने पाहात असत, त्याचे नाव आमच्या तरुणांपैकी फार थोड्यांनी ऐकले आहे. म्हणून त्याची हकीकत येथे देत आहो. ती मुलाकरिता आहे, तशी त्याला शिकविणाऱ्यांकरिताही आहे.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चांभार कुटुंबात झाला. पालवणकर हे आडनाव कोकणातील पालवण गावावरून आलेले. वडील लष्करी खात्याच्या नोकरीत होते, त्यामुळे मुलांचे बाळपण पुण्यास गेले. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू व त्यांचा धाकटा भाऊ शिवराम हे खेळावयास शिकले. घरची स्थिती बेताची असल्यामुळे शाळा लवकर सुटली, आणि बाळू एका पारशी क्लबात मैदान झाडणे, रोलर फिरविणे अशा कामास लागले. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर त्यांस चाकरी मिळाली. खेळपट्टी तयार करावयाची, सरावाची जाळी बांधावयाची, टेनिसची मैदाने राखावयाची, आणि साहेब लोकांस सरावाकरिता कोणी गोलंदाज हवा असल्यास चेंडू टाकावयाचे, असे ते काम होते.

त्या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचा एक नामांकित फलंदाज होता. (हाच गृहस्थ उतारवयात विलायतेत रोमन कॅथलिक धर्मगुरू झाला, ही गोष्ट आमच्या वाचकांस नवलाची वाटेल.) इतर लोक येण्यापूर्वी तासभर अगोदर तो मैदानावर हजर होई व बाळूंकडून चेंडू टाकवून घेई. बाळूंनी त्यास बाद केले म्हणजे दर खेपेस तो आठ आणे देत असे, अशी हकीकत सांगतात. आठ वेळा बाद केला म्हणजे महिन्याचा पगार वसूल! चार रुपयांच्या नोकराने ह्या लोभाने किती मन लावले असेल, ह्याची कल्पना करावी. डाव्या हाताने संथ चेंडू टाकावयाचा, पण प्रत्येक चेंडूची उंची निराळी, टप्पा निराळा, वळण निराळे, ही त्यांची कला अशा रीतीने सिद्ध झाली. सबंध दिवस टाकीत राहिले तरी हात थकत नसे.

परंतु ह्या गोष्टीस दुसरी बाजू आहे, आणि आमच्या मते तीच महत्त्वाची आहे. पूना क्लबात बाळूंनी शेकडो तास चेंडू टाकले, पण तेथे त्यांच्या हाती एकदाही बॅट देण्यात आली नाही. बॅट धरणे हे साहेबाचे काम व चेंडू टाकणे हे नोकराचे, असा तेथील रिवाज होता. ग्रेग दुष्ट होता असे नाही. पुढे हिंदू संघात बाळूंस घेण्याचा प्रश्न निघाला तेव्हा त्याने बाळूंच्या बाजूने मत दिले होते. तथापि ज्याच्या हातांनी आपला खेळ सुधारला, त्याच्या मनात काय चालले असेल, त्यालाही चार चेंडू मारून पाहावेसे वाटत असेल, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानात आले नाही. बाळू मोठे गोलंदाज झाले. फलंदाज म्हणून मात्र मोठ्या सामन्यांतील त्यांची सरासरी चौदा धावांच्या आतच राहिली. शिक्षण अर्धे दिले म्हणजे वाढही अर्धी होते, ह्याहून ह्याला दुसरे कारण आम्हांस दिसत नाही.

पुण्यातील हिंदू क्लबास युरोपियनांवर जय मिळवावयाचा होता, आणि ग्रेगला बाद करणारा गोलंदाज तर चांभाराचा. त्यावर क्लबात वाद माजला. काही सभासद अनुकूल होते, काही पुणेकर ब्राह्मण प्रतिकूल होते. अखेर बाळूंस घेतले, परंतु कोणत्या अटीवर? मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांनी हाती घ्यावयाचा, कारण चेंडूस विटाळ नाही. चहाच्या वेळी मात्र बाकीचे आत बसत, व बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा ओतून देण्यात येई. तोंड धुण्यास पाणी द्यावयाचे तर अस्पृश्य नोकराने आणून एका कोपऱ्यात द्यावयाचे. जेवण निराळ्या पानावर, निराळ्या जागी.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. आमच्यापैकी पुष्कळांच्या आज्यापणज्यांनी असे पाणी पिऊन दिवस काढले आहेत, म्हणून ह्यात नवल ते काय असे कोणी म्हणेल. पण मजुराचा अपमान व खेळाडूचा अपमान ह्यांत एक भेद आहे. मजुरास निदान कोणी हार घालून मग बाहेर बसवीत नाही. बाळूंनी गडी बाद केला म्हणजे जे हात टाळ्या वाजवीत, तेच हात थोड्या वेळाने त्यांच्यापासून दूर राहत. अशाने माणसाच्या मनात दोन माणसे राहू लागतात. आपण थोर आहो की हीन आहो, हे त्याचे त्यालाच कळेनासे होते. पुष्कळ चांगले खेळाडू ह्याच ठिकाणी खचतात. हल्ली मोठ्या संघांबरोबर खेळाडूंच्या मनाची काळजी घेणारे जाणकार नेमलेले असतात. बाळूंच्या काळी असे कोणी नव्हते.

मग ते तरले कसे? त्यांचे मन आम्ही पाहिलेले नाही, त्यामुळे जपून लिहिणे बरे. तरी त्यांच्या वागणुकीवरून दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, जे आपल्या हाती होते त्याची त्यांनी कधी हेळसांड केली नाही. चहा कोठे मिळावा हे त्यांच्या हाती नव्हते. चेंडू कोठे पडावा हे होते. पुढे न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुढाऱ्यांनी पुण्यात त्यांचा जाहीर गौरव केला. तरीही हारतुरे म्हणजे पंगतीतली जागा नव्हे, हे त्यांनी ओळखले असावे, कारण गौरव झाला म्हणून त्यांचा सराव ढिला पडला नाही, आणि अपमान झाला म्हणून तो बंद पडला नाही.

दुसरी गोष्ट आम्हांस फार हृद्य वाटते. प्लेगच्या दिवसांत हे कुटुंब मुंबईस आले. तेथे बाळूंस रेल्वेत नोकरी लागली, व काही सभासदांचा विरोध असताही हिंदू जिमखान्याच्या संघात ते खेळू लागले. घरी शिवराम, गणपत व विठ्ठल हे तिघे धाकटे भाऊ होते. वडील भावाने त्यांस मार्गास लावले. तिघेही वरच्या दर्जाचे खेळाडू झाले. आता मौज पाहा: ज्या वडील भावास पूना क्लबात बॅटीस हात लावू दिला नाही, त्याचे शिवराम व विठ्ठल हे भाऊ फलंदाज म्हणून गाजले. विठ्ठलरावांची फलंदाजी पाहण्यास तर लोकांच्या झुंडी जमत. आपल्याला जे मिळाले नाही ते धाकट्यांस नाकारावे, अशी पुष्कळ उस्तादांची खोड असते. आम्ही सोसले, तुम्हीही सोसा, असे ते म्हणतात. बाळूंनी तसे केले नाही. विठ्ठलरावांनी १९४८ साली मराठीत आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले.

१९०६ सालच्या फेब्रुवारीत मुंबईस हिंदू व युरोपियन ह्यांचा प्रसिद्ध सामना झाला. हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांच्या १९१ व १०२ झाल्या. हिंदू १०९ धावांनी जिंकले, व बाळूंनी दोन डावांत मिळून आठ गडी बाद केले. शिवरामही त्या संघात होते. जातिभेद मोडण्याच्या कामी ह्या सामन्याचा उपयोग होईल अशी चर्चा तेव्हाच्या वर्तमानपत्रांत झाली, आणि बरोबरच्या खेळाडूंनी पंगतीचा अडसरही पुढे दूर केला. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. त्या संघाचा बहुतेक सामन्यांत पराजय झाला, परंतु बाळूंनी एकट्यांनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात आठ. त्या वेळी त्यांचे वय पस्तीस होते. परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला.

इतके झाल्यावर हिंदू संघाचे कप्तानपद त्यांस मिळावे हे कोणासही रास्त वाटेल. ते मिळाले नाही. १९१० पासून हा प्रश्न वरचेवर निघे, आणि दरवर्षी दुसऱ्या कोणाची तरी निवड होई. बाळू मात्र खेळत राहिले. त्यांच्या ह्या शांतपणाची स्तुती आम्ही पुष्कळदा ऐकली आहे, पण आम्ही ती अर्धीच करू. सोसण्याचा गुण मोठा खरा. पण सोसणारा मिळाला म्हणजे सोसविणाऱ्यांस फार सोयीचे होते. १९२० साली बाळूंस संघातून वगळले, आणि कप्तान आजारी पडल्यावर विठ्ठलरावांचा हक्क असता ती जागा दुसऱ्यास दिली. तेव्हा विठ्ठल व शिवराम ह्या दोघा भावांनी वर्तमानपत्रात पत्र प्रसिद्ध करून संघातून अंग काढून घेतले. जातीमुळे आमची मानखंडना होत आहे, असे त्यांनी उघड लिहिले. मोठी खळबळ उडाली. पुढच्या सामन्यास बाळूंस उपकप्तान म्हणून परत बोलाविले, भाऊही परत आले, आणि सामना चालू असता कप्तान मैदान सोडून बाहेर गेला, तेव्हा काही वेळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. ते तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. ह्या खेळाडूने आयुष्यात हिंदू संघाचे नेतृत्व केले ते एवढेच. पुढे १९२३ साली विठ्ठलराव कप्तान झाले, आणि त्यांच्या हाताखाली त्या वर्षी, १९२५ साली व १९२६ साली हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले.

खेळ संपल्यावर बाळू राजकारणात पडले. तो भाग आम्ही थोडक्यात सांगतो. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३५ साली आमच्याच जिल्ह्यात, येवल्यास, डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, ती बाळूंस रुचली नाही. हे आमच्या ह्या पत्रात झाकून ठेवण्याचे कारण नाही. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईस ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पडले. डॉक्टरांस १३,२४५ मते मिळाली, बाळूंस ११,२२५. एके काळी ज्याने आपला अभिमान बाळगला, त्याच्याशीच सामना देण्याचा हा प्रसंग त्यांस सुखाचा वाटला नसेल.

त्या खेड्यातील उपदेशकबंधूंस आम्ही ही हकीकत पत्राने कळविली, व ती मुलास सांगण्यापूर्वी शिकविणाऱ्या गृहस्थांस एकटे गाठून सांगावी अशी विनंती केली. मुलगा रात्री जागा राहतो हे चालू राहिल्यास त्यास नाशिकास डॉक्टरांकडे आणण्यास संकोच करू नये, हेही लिहिले. बंधूंनी उत्तरी कळविले की गृहस्थ प्रथम रागावले, मग बराच वेळ गप्प बसले, आणि शेवटी बाळूंनी एकंदर किती गडी बाद केले असे विचारू लागले.

तो आकडा असा: प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ गडी, प्रत्येकी सुमारे पंधरा धावांस एक. बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. त्यांच्या अंत्ययात्रेस क्रिकेटपटू आले होते, आणि पुढारीही आले होते.