मालमोटारीला गारवा देणारा मिस्त्री

भर उन्हाळ्यात महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या मालमोटारीची केबिन म्हणजे तापलेली भट्टीच. समोरच्या काचेतून येणारे ऊन, पायाखाली इंजिनाची धग आणि डोक्यावर तापलेला पत्रा अशा तिहेरी माऱ्यात रात्रभर गाडी हाकलेल्या चालकाला झोप लागणार तरी कशी? भारतात २०२५ मध्ये नव्याने तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा बंधनकारक झाली. माणसासाठीची ही सोय उशिरा आली. धावत्या मालमोटारीत गारवा राखण्याचे तंत्र मात्र १९३८च्या सुमारासच सिद्ध झाले होते आणि ते सिद्ध करणारा अमेरिकन मिस्त्री शाळेची पायरीही पुरती चढलेला नव्हता. त्याचे नाव फ्रेडरिक मॅकिन्ले जोन्स.

जोन्स यांचा जन्म १७ मे १८९३ रोजी ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे झाला. आई कृष्णवर्णीय, वडील आयरिश वंशाचे. आईचे छत्र बालपणीच हरपले. एकट्याने मुलाचा सांभाळ करणे वडिलांना जमेना, म्हणून त्यांनी त्याला केंटकीतील एका कॅथलिक धर्मगुरूंच्या हवाली केले. तेथील शिस्तीपेक्षा या मुलाला यंत्रांची ओढ अधिक. अकराव्या वर्षाच्या सुमारास तो तेथून निघाला आणि सिनसिनाटीत एका मोटार गॅरेजमध्ये झाडलोट करू लागला. झाडू मारता मारता त्याने मोटारी उघडणे आणि जोडणे आत्मसात केले. काही वर्षांतच इतर कारागीर त्याच्याकडून काम समजावून घेऊ लागले.

१९१२ मध्ये जोन्स मिनेसोटा राज्यातील हॅलॉक या छोट्या गावी गेले. तेथील एका प्रचंड शेतीवाडीवर यंत्रांची देखभाल करण्याचे काम त्यांना मिळाले. दिवसा ट्रॅक्टर दुरुस्त करायचे आणि रात्री यांत्रिकी व विद्युतशास्त्राची पुस्तके वाचायची, हा त्यांचा परिपाठ होता. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी लष्करातून फ्रान्समध्ये जाऊन आले. परतल्यावर त्यांनी हॅलॉकच्या नभोवाणी केंद्रासाठी प्रक्षेपक उभारला. मूकपटांचा जमाना सरून बोलपट आले, तेव्हा गावातील चित्रपटगृहाला ध्वनियंत्रणेचा खर्च परवडेना. जोन्स यांनी भंगारातील सुटे भाग जमवून ती यंत्रणा स्वतःच तयार केली.

ही कीर्ती मिनियापोलिसमधील चित्रपट-साहित्याचे व्यापारी जोसेफ न्यूमेरो यांच्या कानी गेली आणि त्यांनी जोन्स यांना आपल्याकडे नोकरीस ठेवले. तेथे जोन्स यांनी चित्रपटगृहांच्या यंत्रणांत अनेक सुधारणा केल्या. तिकिटे देणाऱ्या यंत्राचे पेटंट त्यांना १९३९ मध्ये मिळाले. तोवर त्यांच्या मनात एक वेगळाच विचार घोळू लागला होता.

असे सांगतात, की उन्हाळ्यातील एका रात्री जोन्स गारव्याच्या शोधात मोटार घेऊन तळ्याकाठी गेले होते. काचा उघड्या ठेवाव्यात तर डासांचे थवे आत येत आणि बंद कराव्यात तर जीव गुदमरे. त्या रात्री मोटार आतून गार ठेवणाऱ्या यंत्राची कल्पना त्यांना सुचली. परतल्यावर त्यांनी आराखडेही काढले. पण एवढी खर्चिक वस्तू मोटारीसाठी कोण विकत घेणार, या व्यवहारी शंकेपुढे तो बेत मागे पडला.

याच सुमारास गोल्फच्या मैदानावर न्यूमेरो यांच्या एका वाहतूकदार मित्राने आपली व्यथा मांडली. त्याच्या ट्रकमधून निघालेल्या कोंबड्यांच्या मांसाचा अख्खा माल वाटेत बर्फ वितळल्याने खराब झाला होता. त्या काळी नाशवंत माल बर्फाच्या लाद्यांवर विसंबून पाठवला जाई. गाडी वाटेत बंद पडली किंवा उशीर झाला, की बर्फाचे पाणी आणि मालाची माती. न्यूमेरो यांनी थट्टेच्या सुरात आपला माणूस ट्रक थंड करणारे यंत्र बनवील, असे सांगून टाकले. मित्राने ते खरे मानून गाडी पाठवली आणि थट्टेचे काम झाले.

अडचण शीतकरणाची नव्हती. ते तंत्र कारखान्यांत आणि घरगुती फ्रिजमध्ये रुळले होते. अडचण होती रस्त्याची. खड्ड्यांचे धक्के आणि अखंड थरथर यांमुळे नळ्यांचे जोड सैल होत, शीतक वायू निसटे आणि यंत्र निकामी होई. जोन्स यांनी आटोपशीर आणि धक्के सोसणारी रचना केली. तिला चालवण्यासाठी ट्रकच्या मुख्य इंजिनावर विसंबून न राहता स्वतंत्र छोटे इंजिन बसवले. सुरुवातीला हे यंत्र गाडीच्या तळाशी होते. तेथे चिखल आणि धूळ साचू लागल्याने ते पुढील बाजूस, केबिनच्या वर नेण्यात आले. आजही शीत-ट्रकवर नेमक्या त्याच जागी यंत्र दिसते. तापमानानुसार इंजिन आपोआप सुरू आणि बंद करण्याच्या पद्धतीचे पेटंटही त्यांनी १९४९ मध्ये मिळवले.

न्यूमेरो यांनी जुना धंदा विकून नवी कंपनी काढली. तीच पुढे थर्मो किंग म्हणून जगभर पोचली. दुसऱ्या महायुद्धात जोन्स यांची यंत्रे रक्त, औषधे आणि अन्न टिकवण्यासाठी आघाडीवर गेली. १९४४ मध्ये अमेरिकेतील शीतकरण अभियंत्यांच्या संस्थेत निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले. वर्णभेद उघडपणे पाळला जाण्याचा तो काळ होता. देशाच्या कित्येक भागांत उपाहारगृहांची दारेही त्यांच्या वर्णाच्या माणसाला बंद होती. त्या उपाहारगृहांत वाढले जाणारे ताजे मांस आणि भाजी मात्र त्यांच्याच यंत्रामुळे शेकडो मैलांवरून येऊ शकत होती.

२१ फेब्रुवारी १९६१ रोजी मिनियापोलिस येथे जोन्स यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर साठहून अधिक पेटंटे होती आणि त्यांतील सुमारे चाळीस शीतकरणाची. देशाने दखल घेतली ती तीस वर्षांनी. १९९१ मध्ये न्यूमेरो यांच्यासह त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मरणोत्तर देण्यात आले.

नाशिकची द्राक्षे थंड कंटेनरमधून परदेशी रवाना होतात, ती याच तंत्राच्या वाटेने. केबिनमध्ये झोपणाऱ्या चालकाची समस्याही अखेर तशाच युक्तीने सुटू लागली. गारव्यासाठी रात्रभर मुख्य इंजिन चालू ठेवले तर तासाला तीन लिटरच्या आसपास डिझेल विनाकारण जळते. म्हणून अमेरिकेत झोपण्याच्या केबिनसाठी छोटे स्वतंत्र इंजिन किंवा बॅटरीवर चालणारी वातानुकूलन यंत्रे बसवली जातात आणि थर्मो किंगही अशी यंत्रे बनवते. तळ्याकाठी उकाड्याने हैराण झालेल्या माणसाला सुचलेली कल्पना आधी कोंबड्यांच्या कामी आली. चालकाची पाळी येईपर्यंत तिचा जनक हयात नव्हता.