हार्लेमचे नाटककार लँग्स्टन ह्यूज

लँग्स्टन ह्यूज हे नाव आपल्यापैकी अनेकांना कवी म्हणून ठाऊक असेल. आज आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत ती नाटककार आणि दिग्दर्शक म्हणून.

ह्यूज यांचा जन्म अमेरिकेतील मिसूरी राज्यातला. माध्यमिक शिक्षण क्लीव्हलँडला झाले. तेथील कृष्णवर्णीय वस्तीत जेलिफ दांपत्याने १९१५ साली एक समाजगृह सुरू केले होते. तेच पुढे 'करामू हाउस' म्हणून नावारूपाला आले. शाळकरी लँग्स्टनची तेथे नित्य ये-जा असे.

२४ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांचे 'मुलाटो' हे नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. गोरा जमीनदार आणि त्याचाच कृष्णवर्णीय मुलगा यांच्यातील संघर्ष हा त्याचा विषय. ह्यूज न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा तालमी सुरू झाल्या होत्या, आणि गोऱ्या निर्मात्याने मुळात नसलेला बलात्काराचा प्रसंग नाटकात घुसडला होता. प्रयोग झाले ३७३. पण हक्काच्या मानधनासाठीही लेखकाला भांडावे लागले.

करामूच्या हौशी नटांनी मात्र पुढच्याच वर्षी त्यांचे 'लिटल हॅम' हे विनोदी नाटक रंगविले. मग १९३८ साली ह्यूज यांनी हार्लेममध्ये स्वतःचीच नाटकमंडळी काढली. नाव 'हार्लेम सूटकेस थिएटर', कारण सारे सामान एका सूटकेसमध्ये मावावे! १२५व्या रस्त्यावरील एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर प्रयोग होत. पडदा नाही, नेपथ्य जेमतेम, प्रेक्षक नटांच्या अगदी जवळ. तिकीट अवघे ३५ सेंट. गुलामगिरीपासून त्या दिवसापर्यंतचा कृष्णवर्णीयांचा इतिहास गाण्यांतून आणि कवितांतून सांगणारे त्यांचे नाटक तेथे १३५ वेळा झाले. त्यात प्रमुख भूमिका करणारे रॉबर्ट अर्ल जोन्स हे प्रसिद्ध नट जेम्स अर्ल जोन्स यांचे वडील.

मंडळी फार काळ टिकली नाही. १९३९ साली ती बंद पडली. पण ह्यूज खचले नाहीत. लॉस एंजेलिस आणि शिकागो येथेही त्यांनी अशाच मंडळ्या उभ्या केल्या.

२२ मे १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. १९६१ सालचे त्यांचे 'ब्लॅक नेटिव्हिटी' हे गीतनाट्य आजही नाताळात अमेरिकेतील अनेक कृष्णवर्णीय चर्चमध्ये आणि हौशी रंगमंचांवर होते. आपले नाटक आपल्याच माणसांच्या हाती असावे, ही त्यांची धडपड वाया गेली नाही, असे आम्हांस वाटते.