विश्लेषण : केनेडींची ‘पीटी-१०९’ जपानी विनाशिकेखाली सापडलीच कशी? त्या रात्री नेमके काय घडले?

अमेरिकेचे ३५ वे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांच्या कार्यालयातील टेबलावर एक वेगळाच पेपरवेट असे. लाकूड आणि प्लास्टिकमध्ये जपून बसवलेला नारळाच्या सोडणाचा तुकडा. त्यावर चाकूने कोरलेली काही अक्षरे होती. ऑगस्ट १९४३ मध्ये पॅसिफिकमधील एका बेटावरून केनेडी यांनी मदतीसाठी पाठवलेला हा निरोप होता. तो पोहोचला म्हणून ११ जण वाचले. पुढे हाच प्रसंग केनेडी यांना अमेरिकी संसदेत आणि तेथून अध्यक्षपदापर्यंत घेऊन गेला, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही. मात्र ज्या नौकेचा प्रमुख आपली नौका गमावतो, तो नायक कसा ठरतो? चूक कोणाची होती? नौकेची, तिच्या प्रमुखाची, की त्या रात्रीच्या एकूणच मोहिमेची?

पाठदुखीचा रुग्ण नौदलात कसा गेला?

केनेडी यांचा जन्म २९ मे १९१७ चा, मॅसेच्युसेट्समधील ब्रुकलाइनचा. वडील जोसेफ केनेडी अतिश्रीमंत उद्योजक आणि १९३८ ते १९४० या काळात ब्रिटनमधील अमेरिकेचे राजदूत. जॉन लहानपणापासून सतत आजारी असत. त्यात पाठीचे दुखणे जडले. १९४१ मध्ये लष्कराने त्यांना वैद्यकीय चाचणीत नापास केले. नौदलातही तेच झाले. मग वडिलांची ओळख कामी आली. लंडनच्या दूतावासात नौदलाचे प्रतिनिधी राहिलेले कॅप्टन अॅलन कर्क यांच्या मदतीने ऑक्टोबर १९४१ मध्ये ते नौदलात अधिकारी झाले. काम वॉशिंग्टनमधील गुप्तवार्ता विभागात, टेबलावरचे.

एरवी श्रीमंत घरातला मुलगा वशिला लावतो तो आघाडी टाळण्यासाठी. येथे उलटे घडले. ऱ्होड आयलंडमधील मेलव्हिल येथे टॉर्पेडो बोटींचे प्रशिक्षण घेतल्यावर त्यांना तेथेच प्रशिक्षक म्हणून ठेवण्यात आले आणि पुढे पनामाकडे पाठवण्याचे ठरले. तेव्हा त्यांनी सिनेटर डेव्हिड वॉल्श यांच्यामार्फत शब्द टाकून प्रत्यक्ष आघाडीवर बदली मिळवली. एप्रिल १९४३ मध्ये ते सॉलोमन बेटांवर पोहोचले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ‘पीटी-१०९’चे प्रमुख झाले. वय २५.

पीटी बोट म्हणजे नेमके काय?

पेट्रोल टॉर्पेडो बोट, म्हणजे टॉर्पेडो घेऊन गस्त घालणारी नौका. येथे पेट्रोल म्हणजे गस्त; इंधनही पेट्रोलच होते, हा योगायोग. कल्पना पहिल्या महायुद्धातली. १० जून १९१८ रोजी इटलीच्या लुइजी रिझ्झो यांनी एका चिमुकल्या नौकेतून टॉर्पेडो सोडून ऑस्ट्रिया-हंगेरीची ‘सेंट इश्तवान’ ही प्रचंड युद्धनौका बुडवली आणि जगभरच्या नौदलांना हिशेब मोहात पाडू लागला : मूठभर माणसे, लाकडी होडी आणि समोर हजारो टनांचे पोलाद. ब्रिटनने अशा मोटर टॉर्पेडो बोटी इंग्लिश खाडीत वापरल्या. अमेरिकेतील एल्को कंपनीने १९३९ मध्ये ब्रिटिश रचनाकार ह्युबर्ट स्कॉट-पेन यांची नौका विकत आणली आणि तिच्यावरून पुढची रचना बेतली.

‘पीटी-१०९’ ही एल्कोच्या न्यू जर्सीतील बेयॉन येथील कारखान्यात बांधलेली, २० जून १९४२ रोजी पाण्यात उतरलेली ८० फुटी नौका. सांगाडा लाकडाचा, त्यावर महोगनीच्या फळ्यांचे दोन थर आणि मध्ये चिकटवलेले कापड. पॅकार्ड कंपनीची १२ सिलिंडरची तीन इंजिने, प्रत्येकासाठी वेगळा पंखा. वेग ताशी ४० नॉट, म्हणजे ७४ किलोमीटरच्या आसपास. अर्थात तो नव्या, स्वच्छ नौकेचा. सॉलोमनच्या उबदार पाण्यात तळाला शेवाळ-शिंपले चिकटले, इंजिने दमली की हा आकडा कागदावरच राहत असे. टाकीत सुमारे तीन हजार गॅलन, म्हणजे ११ हजार लिटरहून अधिक १०० ऑक्टेन पेट्रोल. चिलखत जवळजवळ नाही. थोडक्यात, पेट्रोलच्या टाकीवर बसवलेली वेगवान लाकडी पेटी.

खरी अडचण मात्र शस्त्रातच होती. या नौकांवर ‘मार्क ८’ जातीचे जुन्या काळातले टॉर्पेडो होते. त्यांचा वेग साधारण २७ नॉट. ज्या जपानी विनाशिकांवर ते सोडायचे त्या सहज ३० नॉटच्या पुढे धावत. टॉर्पेडो नळीतून बाहेर फेकण्यासाठी काळी दारू वापरली जाई आणि कधी नळीतल्या ग्रीसला आग लागून अंधारात नौकेचा ठावठिकाणा शत्रूला आयता कळे. छोट्या नौकेने मोठ्या जहाजाला गाठायची ही कल्पना क्षेपणास्त्रे आल्यावर खऱ्या अर्थाने फळाला आली. डिसेंबर १९७१ मध्ये कराचीवर चाल करून गेलेल्या भारतीय नौदलाच्या क्षेपणास्त्र नौका याच कुळातल्या म्हणाव्या लागतील.

१ ऑगस्टच्या रात्री काय घडले?

जपानी नौदल रात्रीच्या अंधारात विनाशिकांमधून आपल्या सैन्याला रसद पोहोचवत असे. अमेरिकी सैनिकांनी या फेऱ्यांना ‘टोकियो एक्स्प्रेस’ असे नाव ठेवले होते. १ ऑगस्ट १९४३ रोजी चार विनाशिका कोलोम्बांगारा बेटाकडे निघाल्याची खबर लागली. त्यांना अडवण्यासाठी रेंडोव्हा येथील तळावरून १५ पीटी बोटी चार गटांत निघाल्या. रडार फक्त प्रत्येक गटाच्या म्होरक्या नौकेवर होते. बाकीच्यांनी म्होरक्याच्या मागे जायचे, एवढीच योजना.

प्रत्यक्षात म्होरक्या नौकांनी रडारवर लक्ष्य पाहिले, टॉर्पेडो सोडले आणि त्या तळाकडे परतल्या. मागच्यांना धड कळवलेही नाही. त्या रात्री आठ नौकांनी मिळून ३० टॉर्पेडो सोडले. एकही लागला नाही. पीटी बोटींच्या अधिकृत नौदल इतिहासातही ही मोहीम सर्वाधिक गोंधळाच्या मोहिमांत गणली आहे. विनाशिका रसद उतरवून परतीला लागल्या, तेव्हा ब्लॅकेट सामुद्रधुनीत रडार नसलेल्या तीन नौका अजून गस्त घालत होत्या : ‘पीटी-१६२’, ‘पीटी-१६९’ आणि ‘पीटी-१०९’.

पहाटे अडीचच्या सुमारास चंद्र नसलेल्या काळोखातून ‘अमागिरी’ ही विनाशिका थेट ‘पीटी-१०९’च्या अंगावर आली. नौकेच्या उजव्या बाजूला मागच्या भागात घुसून तिने तिचे दोन तुकडे केले. पेट्रोलने पेट घेतला. अँड्र्यू कर्कसी आणि हॅरोल्ड मार्नी हे दोघे पुन्हा दिसले नाहीत. मार्नी अवघा १९ वर्षांचा होता.

इतकी चपळ नौका बाजूला का झाली नाही?

केनेडी यांच्यावरील टीकेचा सगळा रोख या प्रश्नावर आहे. जपानी नौदलाची छोटी विमाने रात्री पीटी बोटी शोधत. त्या भागातल्या पाण्यात सूक्ष्म जीवांमुळे चमक असते. नौका वेगात गेली की मागे उजळ पट्टा उमटतो आणि वरून बॉम्ब टाकायला तोच पुरतो. त्यामुळे गस्तीवरच्या नौका एकच इंजिन चालू ठेवून, आवाज दाबून, संथ गतीने फिरत. ‘पीटी-१०९’ त्या क्षणी मधल्या एकाच इंजिनावर होती.

आता गणित मांडू. अपघातानंतरच्या अहवालानुसार विनाशिका ओळखू आली तेव्हा अंतर २०० ते ३०० यार्ड होते. ३० नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे १५ मीटर. हातात उरतात १२ ते १८ सेकंद. विनाशिकेचा वेग त्याहून जास्त असेल, तर आणखी कमी. तेवढ्यात ती आपली नौका नाही हे ओळखायचे, सुकाणू फिरवायचे, खाली इंजिन खोलीत इशारा पोहोचायचा, बंद असलेली इंजिने गुंतवायची आणि ४० हून अधिक टनांची नौका हलायला हवी. एकदम इंजिन रेटले तर ते बंद पडण्याचीही भीती. केनेडी यांनी टॉर्पेडो सोडण्यासाठी नौका वळवायला सुरुवात केली होती, पण इतक्या जवळून सोडलेला टॉर्पेडो फुटलाही नसता. त्यामुळे नौका त्या क्षणी निष्काळजीपणाने गेली, असे म्हणणे अवघड आहे. टेहळणी अधिक चोख असती, तिन्ही नौकांत नीट संपर्क असता, तर गोष्ट वेगळी. पण तो दोष एकट्या केनेडींचा नव्हता.

‘अमागिरी’ने मुद्दाम धडक दिली का, यावर जपानी बाजूनेही एकमत नाही. तिचे कप्तान कोहेई हानामी यांनी आपण जाणूनबुजून नौका वळवल्याचे सांगितले, तर जहाजावरील वरिष्ठ अधिकारी कात्सुमोरी यामाशिरो यांचे म्हणणे टक्कर टाळण्याचा आदेश दिल्याचे होते.

पुढच्या सहा दिवसांत केनेडींनी काय केले?

वाचलेले ११ जण नौकेच्या तरंगत्या पुढच्या भागाला धरून राहिले. दुपारी तो उलटू लागला, तेव्हा साडेतीन मैलांवरच्या प्लम पुडिंग बेटाकडे पोहत निघायचे ठरले. इंजिन पाहणारे पॅट्रिक मॅकमहोन गंभीर भाजले होते. ३७ वर्षांचे, त्या पोरांत सगळ्यात वडील. आपल्याला सोडून जा, असे ते सांगत होते. केनेडी यांनी त्यांच्या जीवरक्षक जाकिटाचा पट्टा दातांत धरला आणि त्यांना ओढत सुमारे चार तास पोहले. हार्वर्डच्या जलतरण संघात ते होते, हे येथे उपयोगी पडले. पाठीचे दुखणे असलेल्या माणसाने हे केले, हे विसरता येत नाही.

त्याच रात्री कंदील घेऊन ते एकटे फर्ग्युसन पॅसेजमध्ये पोहत गेले. तिकडून पीटी बोटी रोज जात, त्यांतली एखादी दिसेल ही आशा. त्या रात्री बोटी दुसऱ्या मार्गाने गेल्या. प्रवाहात वाहत, थकून ते दुसऱ्या दिवशी परतले. दुसऱ्या रात्री जॉर्ज रॉस यांनी तोच प्रयत्न केला. ४ ऑगस्टला सगळे जण नारळ मिळतील म्हणून ओलासाना बेटावर पोहत गेले. मॅकमहोन पुन्हा त्याच पट्ट्याला. तळावर मात्र या सगळ्यांना मृत धरून प्रार्थनासभाही झाली होती.

निरोप नेणारे दोघे कोण होते?

कोलोम्बांगाराच्या डोंगरावर रेज इव्हान्स हे ऑस्ट्रेलियाचे टेहळणी अधिकारी लपून होते. समुद्रात उसळलेली आग त्यांनी पाहिली होती. त्यांच्यासाठी काम करणारे बियुकु गासा आणि एरोनी कुमाना हे दोन स्थानिक तरुण होडीतून फिरताना या खलाशांना भेटले. भाषेची अडचण, त्यात कागद नाही. नारळावर लिहिण्याची युक्ती गासा यांची. कुमाना झाडावर चढून शहाळे घेऊन आले. केनेडी यांनी त्यावर कोरले : ११ जण जिवंत आहेत, छोटी नौका हवी, निरोप आणणाऱ्याला जागा माहीत आहे.

दोघांनी हा निरोप जपान्यांच्या ताब्यातील पाण्यातून सुमारे ६० किलोमीटर वल्हवत रेंडोव्हाला पोहोचवला. पकडले गेले असते तर काय झाले असते, हे सांगायला नको. त्यानंतर इव्हान्स यांच्या माणसांनी केनेडींना होडीत झावळ्यांखाली लपवून नेले आणि ८ ऑगस्टच्या पहाटे ‘पीटी-१५७’ने सर्वांची सुटका केली.

नौदलाने शिक्षा दिली की गौरव?

चौकशीचा अहवाल लिहिणाऱ्या दोघांपैकी एक होते बायरन व्हाइट. पुढे केनेडी यांनीच त्यांना १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयावर नेमले. कारवाई झाली नाही. मिळाले ते ‘नेव्ही अँड मरीन कोअर मेडल’, जे लढाईतील पराक्रमासाठी नसून जीव वाचवण्यासाठी दिले जाते. नौदलाने नकळत अगदी नेमका निवाडा केला, असे वाटते. घरी परतण्याची मुभा असताना केनेडी यांनी ‘पीटी-५९’ची सूत्रे घेतली आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये शुआझल बेटावर अडकलेल्या मरीन सैनिकांना बाहेर काढण्याच्या कामात ती नेली.

युद्धकथेचा निवडणुकीत वापर कसा झाला?

जून १९४४ मध्ये जॉन हर्सी यांचा या प्रसंगावरील लेख ‘द न्यूयॉर्कर’मध्ये आला. ‘रीडर्स डायजेस्ट’ने तो संक्षिप्त रूपात छापला. १२ ऑगस्ट १९४४ रोजी थोरले बंधू जोसेफ हवाई मोहिमेत मारले गेले आणि वडिलांच्या राजकीय आशा धाकट्यावर येऊन ठेपल्या. १९४६ च्या निवडणुकीत त्या लेखाच्या प्रती बोस्टन परिसरात घरोघर वाटल्या गेल्या. १९६० च्या प्रचारात पीटी बोटीच्या आकाराच्या टायपिना आल्या. २० जानेवारी १९६१ च्या शपथविधी संचलनात ‘पीटी-१०९’ची प्रतिकृती आणि तिचे जुने खलाशी होते. १९६३ मध्ये चित्रपटही निघाला. आपण नायक कसे झालात, या प्रश्नावर केनेडी स्वतः मात्र थट्टेने सांगत की त्यात आपला काही हात नव्हता, नौका शत्रूने बुडवली.

गासा आणि कुमाना यांना शपथविधीचे निमंत्रण होते. ते पोहोचू शकले नाहीत. मे २००२ मध्ये टायटॅनिक शोधणारे रॉबर्ट बॅलार्ड यांच्या पथकाला ब्लॅकेट सामुद्रधुनीच्या तळाशी, सुमारे ३६० मीटर खोल, ‘पीटी-१०९’ची टॉर्पेडो नळी आणि आत अडकलेला टॉर्पेडो सापडला. दोन खलाशांची समाधी म्हणून तो तेथेच राहू देण्यात आला. केनेडींचे पुतणे मॅक्स त्या मोहिमेसोबत गेले, तेव्हा वृद्ध गासा आणि कुमाना त्यांना भेटले. गासा २००५ मध्ये, कुमाना २०१४ मध्ये गेले. प्लम पुडिंग बेटाला आता केनेडी बेट म्हणतात. नारळाचा तो तुकडा बोस्टनच्या केनेडी ग्रंथालयात आहे.