कुकरच्या हँडलचा चटका का बसत नाही? बॅकेलाइट शोधणाऱ्या लिओ बेकलँडची गोष्ट

नेरूळच्या एलपी स्टॉपला उतरून शिरवणे एमआयडीसीच्या आत शिरलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छोट्या-मोठ्या कंपन्या दिसतात. हा सगळा पट्टा म्हणजे ठाणे-बेलापूर रोडची टीटीसी इंडस्ट्रियल एरिया. सिडको आणि नवी मुंबई नावाचं शहर यायच्या आधीपासून इथे केमिकलचे कारखाने उभे राहत होते. याच रोडवर हर्डिलिया केमिकल्समध्ये फिनॉल तयार व्हायचं. फिनॉल म्हणजे काय, हे पुढे येईलच.

कारण ज्या माणसाने या फिनॉलपासून जगातलं पहिलं पूर्णपणे कृत्रिम प्लॅस्टिक बनवलं, त्याची वस्तू आज तुमच्या घरात नक्की आहे. कुकरचं काळं हँडल, तव्याची मूठ, आजीच्या घरातले ते जुने काळे गोल स्विच. दुकानदार ज्याला बॅकलाईट म्हणतो, ते बॅकेलाइट.

माणसाचं नाव लिओ बेकलँड.

१४ नोव्हेंबर १८६३ ला बेल्जियममधल्या गेंट शहरात त्याचा जन्म झाला. वडील बूट दुरुस्त करायचे, आई लोकांच्या घरी कामाला जायची. पोरानेही आपल्याच धंद्यात यावं असं वडिलांना वाटत होतं, पण आईने हट्टाने शाळेत घातलं. पोरगा हुशार निघाला. गेंट शहराची स्कॉलरशिप मिळवून तो विद्यापीठात गेला आणि २१ व्या वर्षी डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला. त्याला फोटोग्राफीचा भारी नाद. फोटोसाठी लागणारं सिल्व्हर नायट्रेट विकत घ्यायला पैसे नव्हते, तर पठ्ठ्याने घड्याळाची चांदीची चेन ॲसिडमध्ये विरघळवली असं सांगतात.

१८८९ मध्ये त्याने आपल्याच प्रोफेसरच्या मुलीशी, सेलिनशी लग्न केलं आणि दोघं अमेरिकेला गेले. तिथे नोकरी केली, नोकरी सोडली, एकाच वेळी दहा गोष्टींत हात घातला. मग मोठं आजारपण आलं आणि डोक्यावर कर्ज झालं. अंथरुणात पडल्या पडल्या त्याने ठरवलं की आता एकच गोष्ट धरायची. ती गोष्ट होती व्हेलॉक्स, म्हणजे कृत्रिम उजेडात छापता येणारा फोटोचा कागद. तोवर फोटो छापायला उन्हाची वाट बघावी लागायची. १८९९ मध्ये कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमनने त्याची कंपनी विकत घेतली आणि पस्तिशीतच बेकलँड श्रीमंत झाला. त्याने न्यूयॉर्कजवळ योंकर्सला घर घेतलं आणि आवारातच प्रयोगशाळा थाटली.

आता इथे भारत येतो.

त्या काळात विजेचा धंदा जोरात वाढत होता. वायर, मोटर, स्विच, सगळ्याला इन्सुलेशन लागायचं आणि त्यासाठी वापरायचे शेलॅक. शेलॅक म्हणजे आपली लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर बसणाऱ्या बारीक किड्यांपासून ती मिळते आणि जगाला तिचा मोठा पुरवठा ब्रिटिश इंडियातून व्हायचा. मागणी वाढली, किडे काही तेवढ्या वेगाने वाढेनात. भाव चढले. लाखेला पर्याय देईल तो पैसे छापेल, हे बेकलँडने हेरलं.

फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र केलं की चिकट राळ तयार होते, हे जर्मनीच्या अडॉल्फ फॉन बायर यांनी १८७२ मध्येच पाहिलं होतं. पण ती राळ भांड्याला अशी चिकटायची की भांडंच फेकून द्यावं लागे. शिवाय या दोघांची रिॲक्शन सुरू झाली की प्रचंड उष्णता सुटते. मिश्रण उकळतं, फसफसतं आणि हाताबाहेर जातं. त्यामुळे बाकीचे संशोधक तापमान कमी ठेवून तिला शांत करायचा प्रयत्न करत होते.

बेकलँड उलटा गेला. त्याने ठरवलं की तापमान वाढवायचं, पण वरून दाबही द्यायचा, म्हणजे आतला वायू फुगे करून माल पोकळ करणार नाही. जून १९०७ मध्ये जमलं. साच्यात ओतलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने असं घट्ट झालं की नंतर ते ना वितळलं, ना विरघळलं. हे करायला त्याने जाड लोखंडी वाफेचं भांडं बनवून घेतलं, त्याला बॅकेलायझर म्हणतात. तत्त्व साधारण आपल्या कुकरचंच. जुलै १९०७ मध्ये पेटंटसाठी अर्ज, फेब्रुवारी १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या केमिस्ट लोकांसमोर जाहीर घोषणा, १९१० मध्ये जनरल बॅकेलाइट कंपनी. पुढची वीस वर्षं टेलिफोन, रेडिओ, गाड्यांचे पार्ट, बटणं, सगळीकडे बॅकेलाइट. १९२४ मध्ये टाइम मासिकाच्या कव्हरवर बेकलँड झळकला.

ही झाली यशाची बाजू. पण त्याने ज्या दोन रसायनांची मोट बांधली, ती दोन्ही विषारी आहेत.

फिनॉलचं जुनं नाव कार्बोलिक ॲसिड. साबणात अगदी थोडं असतं, कारखान्यात टँकरने येतं. ते अंगावर सांडलं की आधी जळजळतं, मग कातडी पांढरी पडते आणि ती जागा बधिर होते. खरा घात इथे होतो. दुखायचं थांबलं म्हणून कामगार बसून राहतो आणि तेवढ्या वेळात फिनॉल कातडीतून रक्तात जातं. हृदय, किडनी, मेंदू, सगळ्यावर परिणाम होतो, मोठा भाग भिजला तर जीवही जातो. त्यामुळे कपडे ताबडतोब काढायचे आणि शॉवरखाली बराच वेळ धो-धो पाण्याने धुवायचं. ओल्या फडक्याने नुसतं पुसलं तर ते आणखी पसरतं. फिनॉल हाताळणाऱ्या कारखान्यात पॉलिइथिलीन ग्लायकॉल ठेवतात, त्याने पुसणं जास्त चांगलं. आणि दुखत नसलं तरी हॉस्पिटल गाठायचंच.

फॉर्मल्डिहाइडचा वास डोळ्यांतून पाणी काढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. राळ साच्यात तापवताना तो थोडा सुटतोच, म्हणून मशिनवर धूर ओढणारा एक्झॉस्ट लागतो. दार-खिडकी उघडी ठेवणं पुरत नाही.

आणि बेकलँडने ज्या उष्णतेला लगाम घातला होता, ती आजही तशीच आहे. १० सप्टेंबर १९९७ ला अमेरिकेत ओहायोच्या कोलंबस शहरात एका कारखान्यात ही राळ बनवताना कच्चा माल आणि कॅटॅलिस्ट थोडा थोडा घालायच्या ऐवजी एकदम घातला गेला, वर गरम वाफही दिली गेली. भांडं फुटलं आणि एक कामगार गेला.

पावडरचा धोका तर अनेकांच्या डोक्यातच येत नाही. सुकी फिनॉलिक पावडर हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर ती बॉम्बसारखी फुटते. २० फेब्रुवारी २००३ ला केंटकीच्या कॉर्बिनमधल्या कारखान्यात नेमकं हेच झालं. लाइनची साफसफाई चालू होती, धूळ उडत होती, शेजारच्या ओव्हनचं दार उघडं होतं. ७ कामगार मेले, ३७ जखमी झाले. कॉम्प्रेसरच्या हवेने मशिन झाडणं ही आपल्याकडच्या वर्कशॉपमध्येही रोजची सवय. ही पावडर असेल तिथे ते बंद. अशा धुळीसाठीच बनवलेला व्हॅक्यूम वापरायचा, बीम आणि पंख्यांवर साचलेली धूळही काढत राहायची.

भारतात धोकादायक रसायनांचे १९८९ चे नियम आहेत. त्यात प्रत्येक रसायनाची सेफ्टी डेटा शीट असते. नेरूळ असो की तुर्भे, आपण हाताळतोय त्याची शीट मागणं आणि ती समजेल अशा भाषेत मागणं, हा कामगाराचा आगाऊपणा नाही.

मग घरातल्या कुकरचं काय? पूर्ण घट्ट झालेलं बॅकेलाइट वापरायला सुरक्षित आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. फक्त ते जाळू नका. आणि जुन्या बॅकेलाइटच्या काही वस्तूंमध्ये भराव म्हणून ॲस्बेस्टॉस घालायचे, त्यामुळे अँटिक म्हणून आणलेल्या जुन्या स्विचला ड्रिल मारणं किंवा घासणं टाळलेलं बरं.

१९३९ मध्ये पंचाहत्तरी गाठलेल्या बेकलँडने कंपनी विकली. विकत घेणाऱ्या कंपनीचं नाव युनियन कार्बाइड. पंचेचाळीस वर्षांनी, २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये जो वायू सुटला तो मिथाइल आयसोसायनेट होता, बॅकेलाइटशी त्याचा संबंध नाही. पण नाव तेच.

शेवटच्या वर्षांत बेकलँड फ्लोरिडातल्या घरी राहायचा, एकटाच, विक्षिप्त झालेला. इतका पैसा असून डब्यातलं बंद अन्न खायचा. २३ फेब्रुवारी १९४४ ला न्यूयॉर्क राज्यातल्या बीकनच्या सॅनेटोरियममध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. वय ८०. त्याचा बॅकेलायझर मात्र आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियमच्या संग्रहात आहे.